अनेक जावा वेब अनुप्रयोगांमध्ये एकच ऑब्जेक्ट : डीस्पेस प्रणालीच्या संदर्भात

प्रस्तावना : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठासह देशातील अनेक विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात उपलब्ध आहेत. हे भांडार डीस्पेस या जावा आज्ञावलीवर उभे आहे. एमआयटी व एचपी यांनी ती २००२ मध्ये खुली केली. अनेक ग्रंथालये स्वतःच्या संग्रहासाठीही ती वापरतात. अनेक वेब अनुप्रयोगांनी एकच ऑब्जेक्ट कसा वापरावा, हा प्रश्न तिच्या सहाव्या आवृत्तीत स्पष्टपणे दिसतो.

प्रश्नाचे स्वरूप : या आवृत्तीत वाचकांची पाने, ओएआय, रेस्ट व स्वोर्ड हे स्वतंत्र अनुप्रयोग एकाच टॉमकॅट सर्व्हरवर चालवता येतात. त्या सर्वांचा डेटाबेस एकच असतो. डेटाबेसशी नवी जोडणी करणे वेळखाऊ असल्याने उघडलेल्या जोडण्या एका ऑब्जेक्टमध्ये राखून ठेवतात. त्यास 'पूल' म्हणतात. मात्र प्रत्येक अनुप्रयोग आपला वेगळा पूल निर्माण करतो. त्याची मूळ मर्यादा ३० जोडण्यांची आहे, तर पोस्टग्रेस डेटाबेसची १००. चारही पूल भरल्यास मागणी १२० वर जाते आणि संशोधकास प्रबंधाऐवजी त्रुटीचे पान दिसते. सर्व्हरची स्मृती त्या वेळी रिकामीही असू शकते.

कारणमीमांसा : 'स्टॅटिक' चल संपूर्ण जेव्हीएममध्ये एकच असतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. टॉमकॅट प्रत्येक अनुप्रयोगास वेगळा क्लासलोडर देतो, आणि जावामध्ये क्लासची ओळख त्याचे नाव व क्लासलोडर या दोहोंवरून ठरते. एकच जार फाइल चार अनुप्रयोगांच्या 'वेब-इन्फ/लिब' मध्ये असेल, तर क्लासही चार व स्टॅटिक चलही चार. एकातील ऑब्जेक्ट दुसऱ्यास दिल्यास 'क्लासकास्टएक्सेप्शन' येते. त्या संदेशात दोन्ही बाजूंना एकच नाव असल्याने विद्यार्थी हमखास गोंधळतात.

उपाय : पूल टॉमकॅटच्या 'सर्व्हर.एक्सएमएल' मधील 'ग्लोबलनेमिंगरिसोर्सेस' या भागात एकदाच घोषित करावा. डेटाबेसचा ड्रायव्हर टॉमकॅटच्या सामाईक 'लिब' मध्ये ठेवावा आणि प्रत्येक अनुप्रयोगात 'रिसोर्सलिंक' द्यावी. अनुप्रयोग तो पूल जेएनडीआय या नामसूचीतून मिळवतात; डीस्पेसमध्ये त्यासाठी 'डीबी.जेएनडीआय' हा पर्याय आहे. स्वतः लिहिलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट सामाईक करायचा असल्यास तो क्लासही सामाईक 'लिब' मध्येच हवा. त्याची प्रत अनुप्रयोगात राहिली, तर टॉमकॅट आधी तीच उचलतो आणि सारा खटाटोप वाया जातो.

मर्यादा : सामाईक पूल निर्दोष नाही. ओएआयद्वारे नोंदी गोळा करणारी एखादी बाह्य यंत्रणा सर्व जोडण्या अडवून धरू शकते आणि वाचक ताटकळतो. वेगळ्या पूलमध्ये हा धोका कमी होता. शिवाय सामाईक ऑब्जेक्टने एखाद्या अनुप्रयोगाच्या क्लासचा संदर्भ धरून ठेवल्यास तो अनुप्रयोग बंद केल्यावरही स्मृतीतून जात नाही. अनुप्रयोग निरनिराळ्या जेव्हीएममध्ये असतील तर ही पद्धत लागूच पडत नाही. तेथे सामाईक माहिती डेटाबेस अथवा रेडिससारख्या बाह्य साठ्यातच ठेवावी लागते. डीस्पेसने २०२१ मधील सातव्या आवृत्तीत वेगळाच मार्ग स्वीकारला : ओएआय, रेस्ट व स्वोर्ड या सेवा एकाच सर्व्हर अनुप्रयोगात आणल्या.