घर व गोठा यांच्या राखणीसाठी कॅमेऱ्याची निवड

उभ्या पिकाची राखण माळ्यावरून गोफणीने होत आली, तर घर, गोठा व खळे यांची राखण दारातला कुत्रा आणि अंगणात निजणारा माणूस करीत आला. आता शेतातील वस्त्यांवरही मोबाइलवर चित्र दाखविणारे कॅमेरे दिसू लागले आहेत. साधन उपयुक्त आहे; परंतु पुष्कळदा ते खोक्यावरील मजकूर व किंमत पाहून घेतले जाते. मग शेळ्या किंवा मोटारीची केबल चोरीस गेल्यावर चित्रात माणूस दिसतो, पण तो कोण हे कळत नाही.

कॅमेरा चोराला हाताने अडवीत नाही. तो साक्षीदार आहे. साक्षीदाराला नीट दिसले पाहिजे, रात्रभर जागे राहता आले पाहिजे आणि पाहिलेले जपून ठेवता आले पाहिजे. निवड करताना याच तीन कसोट्या लावाव्यात.

नीट दिसणे

अनोळखी माणसाचा चेहरा निश्चित ओळखण्यासाठी दृश्याच्या रुंदीत दर मीटरला सुमारे २५० चित्रबिंदू असावेत, असे मानले जाते. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या आडव्या ओळीत १,९२० बिंदू असतात. म्हणजे दृश्य साडेसात मीटरहून रुंद झाले की चेहऱ्याची खात्री उरत नाही. ९० अंशांचे रुंद भिंग असल्यास ही मर्यादा सुमारे १२ फुटांवरच येते. म्हणून सर्व अंगण एकाच कॅमेऱ्यात बसविण्याचा मोह टाळावा. माणसाला जेथून यावेच लागते, त्या दारावर किंवा फाटकावर अरुंद भिंगाचा कॅमेरा रोखावा. उघड्यावर बसवावयाचा कॅमेरा धूळ व पाऊस सोसणारा, म्हणजे किमान आय.पी. ६५ दर्जाचा असावा. भिंगापुढील कोळ्याची जाळी रात्री कॅमेऱ्याच्या प्रकाशाने पांढरी चमकतात व चित्र झाकतात. ती वेळोवेळी मऊ फडक्याने पुसावीत.

रात्रभर जागणे

वीज गेली की विजेवरचा कॅमेरा बंद पडतो. घरातील राऊटर बंद पडल्यास मोबाइलवर सूचनाही येत नाही. म्हणून बॅटरीचा हिशेब आधी करावा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. ५ वॅटचा कॅमेरा ८ तासांत ४० वॅट-तास घेतो. राऊटरही तेवढाच वीज घेणारा असल्यास दोघांची गरज ८० वर जाते व हाताशी काही उरत नाही. अशा वेळी मोठी बॅटरी घ्यावी. जेथे वीज व तारेचे इंटरनेट दोन्ही नाहीत, तेथे सौर पट्टी व सिमकार्डावर चालणारा कॅमेरा सोयीचा पडतो. मात्र खरेदीपूर्वी नेमक्या त्याच जागी उभे राहून मोबाइलवर कोणत्या कंपनीची रेंज चांगली मिळते, हे पाहावे.

पाहिलेले जपणे

सेकंदाला १ मेगाबिट वेगाने अखंड चित्रण केल्यास दिवसाला सुमारे ११ जीबी जागा लागते. ६४ जीबीचे मेमरी कार्ड पाच-सहा दिवसांत भरते आणि नंतर जुने चित्रण पुसले जाऊन त्यावर नवे चढते. चोरी उशिरा लक्षात आली तर पुरावा गेलेला असतो. शिवाय चोराने कॅमेराच नेला तर कार्डही जाते. म्हणून चित्रणाची दुसरी प्रत घरातील रेकॉर्डरमध्ये किंवा इंटरनेटवरील साठवणीत राहील अशी सोय असावी. तिचे मासिक शुल्क आधीच विचारावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात मांडताना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. यास्तव मूळ कार्ड काढून जपावे व पोलिसांस तत्काळ कळवावे.

खरेदी करताना

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड तसाच राहिलेले असंख्य कॅमेरे व राऊटर परस्पर ताब्यात घेतले होते. कॅमेरा बसविणाऱ्या माणसाच्या देखतच घरमालकाने पासवर्ड बदलावा व तो स्वतःजवळ ठेवावा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकावयाच्या कॅमेऱ्यांस सुरक्षिततेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत; भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहूनच माल घ्यावा व पक्की पावती मागावी. कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या दारावर, पाणवठ्यावर किंवा न्हाणीकडे जाता कामा नये. राखणीच्या साधनाने गावात वैर वाढू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी एखाद्या वस्तीवर सायंकाळनंतर याचे प्रात्यक्षिक घ्यावे. कॅमेरा हातात धरून एका माणसास १०, २० व ३० फुटांवर उभे करावे आणि कोणत्या अंतरापर्यंत चेहरा ओळखू येतो, हे शेतकरी बंधूंनी मोबाइलवर स्वतः पाहावे. मगच पैसे मोजावेत.