पैशे खंयसून इले?

ऑगस्ट २०२४. राखीपौर्णिमेच्या तोंडावर मालवणच्या मासळी बाजारात ओळखीच्या वहिनींनी मोबाइल माझ्या हातात दिला. खात्यावर तीन हजार रुपये जमा होते, ‘लाडकी बहीण’चे दोन हप्ते. "भावजीनू, पैशे इले. पण खंयसून इले?" त्यांनी हसत विचारले. मी उत्तर शोधू लागलो.

आमच्या किनाऱ्यावर पूर्वी हा प्रश्न पडत नसे. मनीऑर्डरीवर मुंबईच्या गिरणीतल्या बापाचे किंवा भावाचे नाव असे. सरकारी पैशालाही एकदा असे नाव होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या कमावत्याने कर द्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यात मागेल त्याला काम मिळायचे. १९७७ च्या कायद्याने तो हक्क ठरला. सरकारे बदलली, हक्क टिकला. २००५ साली देशानेही तसा कायदा केला.

त्यात उणीव एकच. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार व्यवसाय कराला कमाल मर्यादा आहे. पूर्वी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ पासून २,५०० आहे. म्हणून मालवणचा शाळामास्तर आणि मलबार हिलचा उद्योगपती सारखाच कर भरतात.

मग अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर कर? तोही होता. अर्थतज्ज्ञ कॅल्डॉर यांच्या शिफारशीनंतर १९५७ साली आलेला संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला; वारशावरचा कर १९८५ मध्येच गेला होता. २०१३-१४ साली देशभरातून संपत्ती कराचे १,००८ कोटी रुपये आले. ‘लाडकी बहीण’चा वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी. म्हणजे देशाच्या संपत्ती करातून आपल्या राज्याची योजना आठ दिवस चालली असती!

पण वसुली इतकी कमी का? १९९२ च्या अर्थसंकल्पाने शेअर या करातून वगळले. राहिले सोने, गाड्या, जादा घरे, शहरातले भूखंड. अतिश्रीमंतांची संपत्ती मुख्यतः शेअरमध्ये. पाग किनाऱ्यावरच टाकायचा आणि सुरमई मिळत नाही म्हणून समुद्राला बोल लावायचा, असा हा प्रकार. संपत्तीचे मोल ठरवणे अवघड असते, हा आक्षेप जमीनजुमल्याला लागू आहे. बाजारातल्या शेअरचा भाव रोज संध्याकाळी छापला जातो. श्रीमंत देश सोडतील, ही भीती खरी आहे. तिला उत्तर कायद्यातच द्यावे लागेल.

मूलभूत उत्पन्न म्हणजे प्रत्येक नागरिकाला विनाअट, नियमित मिळणारी रक्कम. टॉमस पेनने १७९७ सालीच वारशावर कर लावून सर्वांना पैसे देण्याची मांडणी केली होती. ‘लाडकी बहीण’ला वयाची, उत्पन्नाची अट आहे. शिवाय शेतजमीन सोडून इतर संपत्तीवर कर लावण्याचा अधिकार केंद्राचा. वाटणारा हात मुंबईचा, चावी दिल्लीची.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत एका बाजूने २,१०० म्हटले, दुसऱ्या बाजूने ३,०००. घेणार कोणाकडून, हे मागेच राहिले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० नव्हते.

वहिनींना मी एवढेच सांगितले, की पैसे तुमच्या-माझ्या करातून आणि सरकारच्या कर्जातून आले. साबण घेताना तुम्हीही त्यात भर घातलीत. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ओवाळणी माझीच, आनि ताट पण माझाच?"