ग्रामीण अन्नदारिद्र्य व स्वस्त अन्नाची उपलब्धता : दिघाशी (ता. भिवंडी) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
भिवंडी तालुका यंत्रमाग व गोदामे यांसाठी देशभर परिचित आहे. येथील गोदामांतून मुंबई महानगरास किराणा माल पोहोचतो. त्याच तालुक्याच्या ग्रामीण भागात, दिघाशीसारख्या गावांच्या परिसरात, शेतमजुरी व वीटभट्टीवर गुजराण करणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना मात्र रोजच्या अन्नाची भ्रांत असते. अन्नाचा साठा जवळ असणे आणि ते अन्न मिळविण्याची क्षमता असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. प्रस्तुत लेखात हा भेद स्थानिक पातळीवर स्पष्ट केला आहे.

शिधावाटपाचे गणित :
राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास एकत्रित ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ५ किलो म्हणजे दररोज सुमारे १६७ ग्रॅम, अर्थात साधारण पावणेसहाशे उष्मांक. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी धरलेल्या २४०० उष्मांकांच्या हे प्रमाण एक चतुर्थांशाहूनही कमी आहे. उरलेले धान्य, डाळ, तेल व भाजी बाजारभावानेच घ्यावी लागते.

कातकरी समाजासारख्या आदिम जमातींना अंत्योदय शिधापत्रिका द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी दिला. तथापि कुटुंबात सातांहून अधिक व्यक्ती असल्यास अंत्योदयपेक्षा प्राधान्य गटाचे धान्य अधिक भरते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

हंगामी तूट व स्थलांतर :
दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब गावातील रास्तभाव दुकानापासून दुरावते. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे अन्यत्र धान्य घेता येते. परंतु त्यासाठी आधार जोडणी आवश्यक असते. पावसाळ्यात लावणी आटोपली की मजुरी थांबते. याच काळासाठी १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती. २०२० मध्ये तिचे अनुदानात रूपांतर करून प्रति कुटुंब ४००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, मंजूर झाले. त्या वस्तूंत कडधान्ये, डाळी व तेल होते. शिधावाटपातील नेमकी उणीव त्यातून भरून निघत होती. मात्र ते साहाय्य एका वर्षापुरते होते.

उपाययोजना :
१) ग्रामसभेने स्थलांतरापूर्वी शिधापत्रिका व आधार जोडणीची तपासणी करावी.
२) कायद्यातील सामाजिक अंकेक्षण व दक्षता समिती प्रत्यक्षात कार्यरत ठेवाव्यात.
३) महिला बचत गटांनी डाळ व तेल घाऊक भावाने एकत्रित खरेदी करावे, भिवंडीची बाजारपेठ त्यास सोयीची आहे.
४) अंगणवाडी व शाळेत परसबाग करावी, तसेच टाकळा, कुर्डू, कंटोळी यांसारख्या रानभाज्यांचा आहारातील वापर वाढवावा.

निष्कर्ष :
मोफत धान्याने उपासमार टळते, परंतु अन्नदारिद्र्य संपत नाही. डाळ, तेल व भाजी परवडणाऱ्या दरात आणि विशेषतः पावसाळ्यात गावातच मिळणे, ही खरी कसोटी आहे. त्यासाठी शासकीय योजनेस ग्रामसभा व बचत गटांची जोड मिळणे अगत्याचे आहे.