व्हिडिओ हलतोय? आधी मूळ जपा, मग स्थिर करा



२०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं शेतात पाणी शिरलं, ते दिवस आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. त्या दिवसांत आपल्या एका ताईंनी गुडघाभर पाण्यात उतरून आपल्या सोयाबीनचा व्हिडिओ काढला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात काठी आणि पायाखाली चिखल. बैठकीत तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. अर्धा मिनिट झाला नाही तोच मागून आवाज आला, "बंद करा मॅडम, डोकं गरगरायलंय!"

ताईंचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, थांबा, आपण हे सरळ करू. लॅपटॉपवर व्हिडिओ स्थिर केला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा सगळ्या गप्प बसून बघत होत्या. पाणी कुठवर आलंय, शेंगा कशा काळ्या पडल्यात, सगळं दिसत होतं. ताई म्हणाल्या, "आता हाच अर्जासोबत देते." मी तो त्यांच्या मोबाईलवर पाठवून दिला आणि खूश झाले.

रात्री पुन्हा बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की व्हिडिओच्या कडेला दिसणारी त्यांची विहीर आणि बांधावरचा खांब गायब आहे. उरलं होतं नुसतं पाणी आणि सोयाबीन. ते शेत कुणाचंही असू शकलं असतं. मी लगेच फोन केला. मोबाईल फुल झाला म्हणून ताई जुना व्हिडिओ पुसायलाच बसल्या होत्या. थोडक्यात वाचला. चूक माझी होती, म्हणून हा लेख.

व्हिडिओ हलतो म्हणजे काय होतं?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले फोटो. आपला मोबाईल साधारणपणे एका सेकंदात ३० फोटो काढतो. हात हलला की प्रत्येक फोटोत विहीर थोडी वेगळ्या जागी येते. कधी वर, कधी डावीकडं, कधी तिरकी. तेच भरभर दिसलं की आपल्याला गरगरतं.

स्थिर करणारं सॉफ्टवेअर दोन फेऱ्यांत काम करतं. पहिल्या फेरीत ते फक्त बघतं. एका फोटोतला खांब, दगड, झाड पुढच्या फोटोत किती सरकलं हे मोजतं आणि सगळं टिपून ठेवतं. दुसऱ्या फेरीत ते प्रत्येक फोटो उलट्या दिशेला सरकवतं. हात उजवीकडं गेला असेल तर फोटो तेवढा मागं ओढतं. भिंतीवर तिरकी लागलेली फ्रेम आपण बोटानं सरळ करतो ना, तसं. फक्त ३ मिनिटांच्या व्हिडिओत हे ५,४०० वेळा करावं लागतं.

कडा का कापल्या जातात?

फोटो एका बाजूला सरकवला की दुसऱ्या बाजूला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला सॉफ्टवेअर सगळं चित्र थोडं मोठं करतं आणि कडा बाहेर जातात. १० टक्के मोठं केलं तर रुंदीतला सुमारे अकरावा भाग गेला, आणि उंचीतलाही तेवढाच. आमच्या ताईंची विहीर अशीच गेली.

शिवणक्लासला गेलेल्या ताईंना हे पटकन कळेल. ब्लाऊज कापताना आपण शिलाईसाठी माया सोडतो. माया सोडली नाही तर शिवल्यावर अंगाला बसत नाही. व्हिडिओचंही तसंच आहे. महत्त्वाची वस्तू कडेला ठेवू नका, मधे घ्या. चारी बाजूंनी माया सोडा. दोन पावलं मागं सरकून शूटिंग केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

प्लगिन आणि स्क्रिप्ट म्हणजे काय?

हे दोन शब्द ऐकून घाबरायचं नाही. मी समाजकार्य शिकले, संगणक नाही. मलाही ते वापरूनच कळले.

प्लगिन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा भाग. मिक्सर एकच असतो, पण चटणीचं भांडं वेगळं आणि ज्यूसचं वेगळं. हवं ते बसवायचं. व्हिडिओ कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरला स्थिर करणारं 'भांडं' बसवलं की झालं. 'विडस्टॅब' नावाचा असा एक मोफत भाग आहे आणि तो बऱ्याच सॉफ्टवेअरच्या आतच बसवलेला असतो.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेली कामाची यादी. पापडाची मोठी ऑर्डर आली की आपण कृती कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो, मग प्रत्येकीला पुन्हा सांगावं लागत नाही. 'एफएफएमपेग' या मोफत सॉफ्टवेअरला अशी यादी देता येते. त्यातल्या मुख्य ओळी दोनच. पहिली सांगते, "बघ आणि टिपून ठेव." दुसरी सांगते, "टिपलेलं वाच आणि सरळ कर." एका फोल्डरमध्ये २० व्हिडिओ असतील तर संगणक एकेक करून सगळे करत बसतो. आपण तोवर जेवून घ्यायचं.

लॅपटॉपवर कसं करायचं?

'शॉटकट' हे सॉफ्टवेअर मोफत आहे. क्रम असा ठेवा:

१. मूळ व्हिडिओची एक प्रत करा. काम फक्त प्रतीवर करायचं.
२. नको असलेला भाग आधी कापा. सुरुवातीला मोबाईल खिशातून काढताना आलेली जमीन, शेवटी आलेलं आपलं बोट, हे सगळं काढा.
३. दोन वेगळे तुकडे एकत्र जोडून स्थिर करू नका, एकेक करा. नाहीतर जोडाच्या जागी सॉफ्टवेअरला वाटतं, केवढा मोठा धक्का बसला!
४. फिल्टरच्या यादीत 'स्टॅबिलाइझ' निवडा आणि 'ॲनालाइझ' दाबा. ही झाली बघण्याची फेरी. जुना लॅपटॉप असेल तर वेळ लागतो.
५. मग 'स्मूदिंग' म्हणजे गुळगुळीतपणा आणि 'झूम' म्हणजे चित्र किती मोठं करायचं, हे कमीपासून सुरू करा. एकदम जास्त ठेवलं तर कडा जास्त जातात आणि चित्र पाण्यावर तरंगल्यासारखं वाटतं.
६. गावाचं नाव, गटाचं नाव अशी अक्षरं शेवटी टाका. आधी टाकली तर तीही हलतात किंवा कापली जातात.

लॅपटॉप नसेल तर अनेक ॲन्ड्रॉइड मोबाईलमध्ये 'गुगल फोटोज'मध्ये व्हिडिओ उघडून 'एडिट'मध्ये गेलं की स्थिर करायचं बटण मिळतं. काम तेच, फक्त कमी-जास्त करायची सोय नसते.

काय जमत नाही?

अंधारातला पुसट व्हिडिओ स्पष्ट होत नाही. उजेड कमी असला की मोबाईल प्रत्येक फोटोला जास्त वेळ घेतो, तेवढ्यात हात हलला तर तो फोटोच पुसट येतो. सॉफ्टवेअर फोटोची जागा बदलू शकतं, पुसटपणा काढू शकत नाही. म्हणून कुंथलगिरीकडं खव्याच्या भट्टीवर शूटिंग करायचं तर दिवसाउजेडी, दाराजवळ उभं राहून करा.

दुसरं, समोरचंच सगळं हलत असेल तर सॉफ्टवेअर फसतं. एका ताईंनी विक्रीसाठी उस्मानाबादी शेळ्यांचा व्हिडिओ काढला. पूर्ण चित्रभर शेळ्याच शेळ्या! सॉफ्टवेअरला शेळ्यांचं चालणं म्हणजेच हाताचं हलणं वाटलं, आणि शेळ्या सोडून मागचा गोठाच डुलायला लागला. अशा वेळी चित्रात खुंटा, भिंत, दावण असं काहीतरी न हलणारं भरपूर येऊ द्या.

पुरावा आणि दाखवायचा व्हिडिओ वेगळा

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्थिर केलेला व्हिडिओ बैठकीत दाखवायला, प्रशिक्षणाला, माल विकायला उत्तम. पण नुकसानीचा अर्ज असो, तक्रार असो की भांडणतंटा, तिथं मूळ व्हिडिओच जपायचा. त्यात कडा शाबूत असतात. तो कधी काढला याची नोंद फाईलच्या आत असते, लोकेशन चालू असेल तर जागेचीही. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवला की व्हिडिओ लहान होतो आणि या नोंदी त्याच्यासोबत नीट जात नाहीत. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि हे लक्षात असू द्या, व्हिडिओ म्हणजे पंचनामा नव्हे. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक शेतात येतात तेव्हा आपण तिथं हजर राहायचंच. व्हिडिओ आपली बाजू मांडायला मदत करतो, एवढंच. शूटिंग सुरू करताना मोठ्यानं आपलं नाव, गाव, गट क्रमांक आणि तारीख बोला. एकदा विहीर, खांब, बांध अशी खूण दाखवा, मगच पिकाकडं वळा.

सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर

ते आपल्याकडं आधीपासून आहे. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन आपण पांदीतून चालतो तेव्हा पाय खालीवर होतात, पण हंड्यातलं पाणी सांडत नाही. गुडघे जरा सैल, पाऊल हळू, मान ताठ. व्हिडिओ काढतानाही तसंच चाला. मोबाईल दोन्ही हातांनी धरा, कोपरं पोटाला टेकवा. शक्य असेल तर चालूच नका. एका जागी उभं राहून १० सेकंद काढा, मग बंद करून दुसऱ्या जागी जा.

शेजारच्या तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर इथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बायका गेली कित्येक वर्षं स्वतः कॅमेरा चालवतात. त्यांनी शूटिंगच्या पद्धतींना आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', कारण गावचा पटेल असाच बघतो. आणि समोरचीच्या डोळ्याला डोळा भिडेल असा तो 'संघम शॉट', कारण संघात सगळ्या एका पातळीवर बसतात. गटाची बैठक काढताना आपणही खाली बसू. गुडघ्यावर कोपर टेकलं की समोरची बरोबरीनं दिसते आणि हातही हलत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या मोबाईलमधला एक हललेला व्हिडिओ आणा, लॅपटॉपवर बसून सरळ करू. तोवर जुना म्हणून, मोबाईल भरला म्हणून काही पुसू नका. आधी पेनड्राइव्हवर घेऊ, मग पुसू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक