दुखण्याची पट्टी काढली आणि खाली लाल चौकोन, आता काय करायचं?

उमरी तालुक्यात कापूस वेचणी सुरू झाली की दिवसभर वाकून कंबर धरते. मग मेडिकलमधून पेन रिलीफ पॅच येतो. रात्री चिकटवला, सकाळी काढला, तर खाली बरोबर पट्टीच्या मापाचा लाल चौकोन. वर खाज.

ही लाली दोन प्रकारची असते. पहिली साधी. डिंक, घाम आणि ओढून काढताना सोलवटलेली त्वचा यामुळे येते. चौकोनाच्या आतच राहते आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरते.

दुसरी ॲलर्जीची. ही कधी कधी एक-दोन दिवस उशिरा येते, चौकोनाबाहेर पसरते, पाण्याचे फोड येतात. 'मागच्या वेळी तर काहीच झालं नव्हतं' हा युक्तिवाद इथे चालत नाही. शरीर आधीच्या वापरात ते औषध किंवा डिंक ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी बिथरतं.

मराठवाड्याला हे नवीन नाही. सांधे दुखले की बिब्बा लावायची जुनी पद्धत आहे आणि तो 'उतला' की काय होतं, हे घरातल्या आजीला विचारा. बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं अशीच ॲलर्जी उठवतात. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले. त्यामुळे पट्टी सोसली नाही म्हणून त्याच जागी बिब्बा लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मग करायचं काय? पट्टी लगेच काढा, पण खसकन ओढू नका. कडेला खोबरेल तेल लावलं की डिंक सुटतो. साध्या साबणाने धुवा, गार पाण्याची ओली घडी ठेवा. मिरचीचं कॅप्सेसिन असलेली पट्टी असेल तर नुसत्या पाण्याने आग जात नाही, आधी तेलाने पुसा. गरम पाण्याची पिशवी तर नकोच, उष्णतेने आग आणखी भडकते. लाली जाईपर्यंत तिथे दुसरी पट्टी, बाम किंवा मनानेच आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नका.

पाकिटावर किटोप्रोफेन लिहिलंय का, तेही बघा. या औषधावर ऊन पडलं की ॲलर्जी होऊ शकते. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2010 मध्ये सांगितलं, की वापर थांबवल्यावरही 2 आठवडे ती जागा उन्हापासून झाका. शेतात राबणाऱ्याने तर हे विसरूच नये.

फोड आले, पू झाला किंवा लाली पसरत गेली तर दवाखाना गाठा, सोबत पट्टीचं रिकामं पाकीटही न्या, कशाची ॲलर्जी आहे ते त्यावरून शोधता येतं. वेदनाशामक गोळीने ज्यांना दमा उसळतो, त्यांनी पट्टी लावण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. आणि ओठ, चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला, तर पट्टी काढून थेट 108 ला फोन.