जवानाचें मूल : संगोपन आणि साहाय्य

नांदेडच्या स्थानकावर अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस थांबते आणि लोखंडी पेटी हातांत घेतलेला एखादा जवान सुटीवर उतरतो. मुखेड-कंधारकडच्या आपल्या गांवीं तो पोंचतो, तेव्हां दोन-अडीच वर्षांचें त्याचें मूल त्याला पाहून आजीच्या लुगड्याआड लपतें. घरचीं माणसें हसतात; तोही हसतो; पण मनांत कोठें तरी खुपतेंच. चार-आठ दिवसांत ओळख पटते, मूल खांद्यावर चढूं लागतें आणि इतक्यांत परतीचा दिवस उजाडतो. भारतीय सेनेंतील जवानाला वर्षाकाठीं ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळूं शकते. ती सगळी पदरांत पडली तरी वर्षाचे नऊ महिने तो घराबाहेरच असतो. त्या नऊ महिन्यांत मुलाचा सांभाळ कोणीं आणि कसा करावा, हा प्रश्न मराठवाड्यांतील पुष्कळ घरांपुढें आहे.

जवानाची नेमणूक शांततेच्या ठाण्यावर असली आणि तेथें निवासस्थान मिळालें, तर बायकामुलांना बरोबर नेतां येतें. सीमेवर किंवा हिमप्रदेशांत असली, तर नेतां येत नाहीं. छावणीच्या गांवीं मुलांची सोय चांगली असते. ‘आवा’ या नांवानें ओळखली जाणारी सैनिक-पत्नींची संस्था १९६६ सालीं स्थापन झाली. दिव्यांग मुलांसाठीं तिच्या ‘आशा’ शाळा चालतात. १९८३ पासून सेनेची शिक्षणसंस्था छावण्यांतून शाळा चालवीत आहे. आज देशभर पसरलेलीं केंद्रीय विद्यालयेंही याच गरजेंतून निघालीं. बदलीच्या नोकरीमुळें मुलांचा अभ्यास खंडित होऊं नये, म्हणून १९६३ सालीं २० पलटणी-शाळा ताब्यांत घेऊन त्या योजनेस आरंभ झाला.

परंतु नांदेड आणि लातूर येथें छावणी नाहीं. ती पाहावयाची तर छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर किंवा सिकंदराबाद गांठावें लागतें. त्यामुळें मागें राहिलेल्या कुटुंबाचें मूल सैन्याच्या सोयींपासून दूर, गांवाच्याच सांभाळांत वाढतें. म्हणून गांवांत आणि जिल्ह्यांत काय उपलब्ध आहे, हें त्या आईला ठाऊक असणें अत्यावश्यक होय.

पहिल्या सहा वर्षांत आजी हाच जुना आणि खरा आधार. पण आजीचे गुडघे दुखूं लागले, शेताचें काम आईवर पडलें, किंवा आई स्वतः शिक्षिका अथवा परिचारिका असली, म्हणजे तो अपुरा पडतो. अशा वेळीं अंगणवाडी जवळ करावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतील ही संस्था सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांचा लाभ देते. तीन वर्षांवरील मुलांना शाळापूर्व शिक्षणही देते. ‘आपल्या घरीं पगार येतो, अंगणवाडी गरिबांची’ असा संकोच जवानाच्या पत्नीनें बाळगूं नये. ती सर्वांस खुली आहे. मात्र ती थोड्या तासांची असते. ही उणीव भरून काढण्यासाठीं २०२२ पासून ‘पालना’ योजनेखालीं सहा महिने ते सहा वर्षें वयाच्या मुलांकरितां पाळणाघरें काढण्यांत येत आहेत. त्यांची चौकशी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे करावी. शहरांत नोकरी करणाऱ्या आईनें हेंही जाणावें कीं, ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन २०१७ सालीं कायद्यानें घातलें आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंही तें कायम ठेवलें आहे.

शाळेचें वय आलें म्हणजे वाटा वाढतात. नांदेड आणि लातूर येथें केंद्रीय विद्यालयें आहेत. तेथें बदलीच्या नोकरींतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या व सैनिकांच्या मुलांना प्राधान्य असतें. नांदेड जिल्ह्यांत शंकरनगरला नवोदय विद्यालय आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची, देशांतील पहिली. चंद्रपूरची २०१९ ची. दोहोंत सहावीला आणि नववीला परीक्षेनें प्रवेश मिळतो, सैनिकांच्या मुलांसाठीं कांहीं जागा राखीव असतात, आणि आतां मुलींनाही तें दार उघडें आहे. ज्यांना गांव सोडून जिल्ह्याच्या ठिकाणीं शिकावयाचें आहे, त्यांच्यासाठीं राज्याचा सैनिक कल्याण विभाग वसतिगृहें चालवितो. तथापि येथें विवेक हवा. बापाविना वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलाला आईपासूनही दूर करावें काय, याचा निर्णय केवळ परीक्षेच्या गुणांवर सोडूं नये.

द्रव्यसाहाय्याची गोष्ट अशी. सेवेंतील जवानाला दोन मुलांपर्यंत शिक्षणभत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून त्याचा दर प्रत्येकी दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे असून दिव्यांग मुलासाठीं तो दुप्पट आहे. हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मिळणारें शिक्षण-अनुदान नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा १,००० वरून २,००० रुपये झालें. या सर्वांसाठीं चौकशीचें पहिलें ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुदखेडच्या केंद्रीय राखीव पोलीस दलांतील किंवा चाकूरच्या सीमा सुरक्षा दलांतील जवानांचीं कुटुंबेंही पुष्कळदां याच कार्यालयाचें दार ठोठावतात. तीं दलें गृहमंत्रालयाखालीं येतात. त्यांच्या कल्याणाची व्यवस्था निराळी आहे, आणि त्यांनीं आपल्या दलाकडेच अर्ज करावा.

कागदपत्रांकडे होणारें दुर्लक्ष मात्र सर्वांत महाग पडतें. मूल जन्मलें म्हणजे २१ दिवसांत जन्मनोंद करावी आणि दाखल्याची प्रत जवानाकडे पाठवावी, म्हणजे त्याच्या पलटणींत ‘पार्ट टू ऑर्डर’ निघून मुलाचें नांव सेवापुस्तकांत चढेल. या हुकुमावांचून भत्ता अडतो, आणि दुर्दैवानें जवानाचें कांहीं बरेंवाईट झालें, तर मुलाचा हक्क सिद्ध करण्यासाठीं विधवेला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. दाखल्यावर, आधारपत्रावर आणि सेवापुस्तकांत नांवाचें एक अक्षर किंवा जन्माची एक तारीख वेगळी असली, तरी हाच त्रास होतो. दुसरी अडचण सहीची. ‘बापाची सही आणा’ असें शाळेंत किंवा पेढींत सांगितलें जातें, आणि बाप तर बर्फांत! बाप प्रत्यक्ष सांभाळास हजर नसतां आई नैसर्गिक पालक म्हणून वागूं शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें हिंदू अज्ञानपालकत्व कायद्याचा १९९९ सालीं लावला आहे. तो आईनें नम्रपणें पण ठामपणें सांगावा.

अखेर मुलाच्या मनाचा विचार. बाप दूर आहे, हें मुलापासून लपवूं नये. तो कोठें आहे आणि केव्हां येईल, हें त्याच्या भाषेंत सांगावें. रोज ठरल्या वेळीं दूरध्वनीवरून बापाचा आवाज ऐकूं आला, तर त्याचा सहवास अगदींच तुटत नाहीं. गुरुजींना घरची स्थिति ठाऊक असावी; वर्गांत एकाएकीं गप्प झालेल्या मुलाचें कारण पुष्कळदां सीमेवरच्या बातमींत असतें. शहरांतील सुशिक्षित घरें ७ डिसेंबरला ध्वजनिधीस हातभार लावतात, हें योग्यच आहे. परंतु आपल्याच गल्लींत एखादी जवानपत्नी लेकराला कडेवर घेऊन अर्ज लिहून देणारा माणूस शोधीत असेल. तिचा अर्ज लिहून द्यावा, आणि ती कचेरींत जाऊन येईपर्यंत तिचें मूल आपल्या अंगणांत खेळूं द्यावें.