वाद्ये वाजतात, गायक हरवतो
वरळीच्या बीडीडी चाळींत १४ एप्रिलच्या जयंतीला मोबाईलवरून भीमगीत लावताना कधी वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा स्वर हरवतो. याचे कारण जोडणीत असते. मोबाईलच्या एकाच पिनेतून डावा व उजवा असे दोन ध्वनी येतात. ती पिन मिक्सरच्या एकेरी बॅलन्स्ड चॅनेलमध्ये घातल्यास एका ध्वनीतून दुसरा वजा होतो. दोहोंत समान असलेला गायकाचा स्वर नाहीसा होतो. म्हणून मंच सांभाळणाऱ्या तरुणांनी दोन पिनांत विभागणारी वायर घेऊन त्या स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या व उजव्या जागी जोडाव्यात. तेथे एकच फेडर दोन्ही ध्वनी बरोबरीने चढवतो; बॅलन्सचे बटण मध्यावर ठेवावे. भीमगीतात प्रबोधन शब्दांतून होते. ते शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलेच पाहिजेत.